मदत हवी आहे: शाडूच्या हृदयाला सुकताना चिरा

आठवीच्या मुलांकडून शाडू मातीचं हृदय करून घेतेय. उभा छेद, नारळाएवढा, चारही कप्पे दिसतील असा. डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा सुमारे तिप्पट जाड, कारण तिथून रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं. हा फरक मुलांच्या बोटांना कळावा, यासाठीच तर हा खटाटोप!

अडचण अशी की पातळ भिंत आधी सुकून आकसते, जाड मागे राहते आणि मधल्या पडद्यापाशी चीर जाते. सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश सुकवून पाहिलं. सांध्यावर ओरखडे काढून पातळ माती लावली, कापूसही मिसळला. चिरा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. आत तार घातली तर माती आकसते, तार नाही. त्यामुळे आणखीच तडकतं.

भट्टी नाही. प्लास्टर नको, प्लास्टिसिन सगळ्या वर्गाला परवडत नाही. भिंती सारख्या जाडीच्या करा, हा उपाय मात्र कृपया सुचवू नका.

कागदाचा लगदा घालून कुणी केलंय का? शाडूत तो किती प्रमाणात घ्यावा? आणि जाड भिंत मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने कोरून पोकळ ठेवली तर ती टिकेल का?