अनुभव धागा: गोळ्या फुकट, तरी आजार महाग

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांना टीबी निघाला. औषधं महापालिकेच्या दवाखान्यात फुकट. तरी चार महिन्यांत काकूंनी मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. गोळ्यांना पैसे पडत नाहीत, मग घर कशाने बसतं? मुंबईत तुम्ही जे पाहिलं, सोसलं, ते लिहा. कुणाचं नाव-पत्ता नको.

आरोग्यसेविका, गोवंडी

मी शिवाजीनगरात घरोघरी फिरते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची डबी द्यायची, हे माझं काम. डबी हातात घेताना बाया आधी विचारतात, "ताई, घरी कळेल का?" एक सून गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात तळाशी लपवायची. या गोळ्यांनी लघवी लाल होते, पण संडास सार्वजनिक, म्हणून सासूला पत्ता लागला नाही.

औषध अर्धवट सोडणाऱ्यांना लोक बेफिकीर म्हणतात, तेव्हा मला फार राग येतो. नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहणारा माणूस पहाटे उठून पाणी भरतो आणि चहावर निघतो. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, उलटी होते. मुकादम असा माणूस उचलत नाही. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबला की तो म्हणतो, "ताई, आता बरा आहे, कामाला जाऊ दे." सहा महिन्यांचा कोर्स तिथेच तुटतो. जंतू मात्र उरतात, आणि पुढे साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत.

पोषणासाठी सरकार 2018 पासून महिन्याला 500 रुपये द्यायचं, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. त्यातून अंडी, दूध, डाळ येते. बुडालेली रोजंदारी येत नाही.

मानखुर्द, पुनर्वसन इमारत, पहिला मजला

रस्ता रुंदीकरणात झोपडी गेली, 225 फुटांची पक्की खोली मिळाली. आई चावी देवापुढे ठेवून रडली होती. पण दोन इमारतींत अंतर इतकं कमी की समोरची फोडणी आमच्या घरात ठसका आणते. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी उघडी ठेवावी तर खालच्या बोळातला कचरा कुजलेला, म्हणून ती बंदच. त्या खोलीत आम्ही सात जण. आधी भाऊ, मग वहिनी, मग मी, तिघांना टीबी झाला. टीबी हवेतून पसरतो, आणि आमची हवा बदलतच नव्हती.

निवृत्त शिक्षक, गिरगाव

वरचं वाचून राहवलं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्यांनी प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. तेव्हाही घरं गरिबांचीच पाडली गेली. पण कोंदट खोली माणूस मारते, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. मग आता अशा इमारती उभ्या राहिल्याच कशा?

धारावी, वय 27

मला औषधाला दाद न देणारा टीबी झाला तेव्हा मी बारावीत होते. दोन वर्षं उपचार, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. एके दिवशी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. डाळ करपल्याच्या वासाने मी उठले. दुसरा कान थोडा वाचला. त्या इंजेक्शनांनी ऐकू येणं जाऊ शकतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. आता बेडाक्विलिनसारख्या गोळ्या आहेत, बऱ्याच रुग्णांना सहा महिन्यांत, इंजेक्शनाशिवाय बरं होता येतं. नव्याने निदान झालेल्यांनी हे डॉक्टरांना नक्की विचारा.

बाबांनी तेव्हा शिलाई मशीन विकलं. ते अजून दुसऱ्याच्या मशीनवर बसतात.

मालवणी

आमच्या गल्लीत नळ नाही, टँकरचं पाणी घेतो. पाणी तुटलं की जुलाब सुरू. महिन्यातले चार-पाच खाडे नुसते पोटापायी.

माझा एक प्रश्न. बहिणीचा टीबीचा कोर्स चालू आहे, पण पोषणाचे पैसे आले नाहीत. काय करू?

आरोग्यसेविका, गोवंडी

दादा, तिचं बँक खातं दवाखान्यात नोंदवलंय का ते आधी बघा. आधार आणि पासबुक दोन्ही न्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्हीकडे सारखं आहे ना, तेही पाहा. माझ्याकडे बऱ्याच जणींचे पैसे तिथेच अडकले होते.