किल्ला, गढी की कोट? त्सारिचिन ग्रादला काय म्हणावं?

प्रश्न : सर्बियात लेबाने गावाजवळ त्सारिचिन ग्रादचे अवशेष आहेत. बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात वसवलेलं जस्टिनियाना प्रीमा ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मराठी लेखात त्याला ‘किल्ला’ म्हणावं का?

प्रतिसाद १ : किल्ला नको. किल्ला म्हटलं की शिबंदी आणि किल्लेदार डोळ्यांपुढे येतात. इथे 535च्या कायद्याने आर्चबिशपचं पीठ आलं. तटाच्या आत चर्च, स्नानगृहं, दुतर्फा खांबांच्या ओसऱ्या असलेले रस्ते. ‘तटबंद शहर’ म्हणा.

आणि हा फरक त्या काळच्या लिखाणातच आहे. जस्टिनियनच्या काळातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, की जस्टिनियनने आपल्या जन्मगावाला, तावरेसियमला, चौकोनी तट घातला, चार कोपऱ्यांत चार बुरूज उभारले आणि नाव ठेवलं तेत्रापिर्गिया. म्हणजे अक्षरशः ‘चौबुरुजी’! ही आपली गढी. त्याच गावाजवळ उभारलेल्या जस्टिनियाना प्रीमाला मात्र तो शहर म्हणतो, तिथल्या पाटाच्या पाण्याचं, बाजारांचं, कारंज्यांचं कौतुक करतो. गढी आणि शहर शेजारी शेजारी असताना दोघांना एकच शब्द लावणं मला तरी पटत नाही.

प्रतिसाद २ : सहमत. पण वरच्या भागाला, अॅक्रोपोलिसला, ‘बालेकिल्ला’ चालेल का? त्याला वेगळा तट आहे, पण आत राजवाडा नाही, बिशपची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आणि बाप्तिस्मागृह आहे.

प्रतिसाद १ : बेलाशक चालेल. बालेकिल्ला म्हणजे गडावरचा सर्वांत उंच, स्वतंत्र तटाचा भाग. आत कोण राहतं हे एका वाक्यात सांगून टाका.

प्रतिसाद ३ : शेवटच्या काळासाठी मात्र ‘शहर’ जपून वापरा. रस्त्यांकडेच्या ओसऱ्या दगडमातीच्या भिंतींनी बंद करून लोकांनी त्यांत घरं केली. शेतीची अवजारंही सापडली आहेत. साधारण 615च्या सुमारास वस्ती उठली. त्या टप्प्याला ‘कोटाच्या आतलं गाव’ म्हटलेलं बरं.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. ‘तटबंद शहर’ आणि ‘बालेकिल्ला’ नक्की. जाता जाता, ग्राद म्हणजे आपला गडच ना?

प्रतिसाद ३ : नाही. ग्राद म्हणजे शहर, कोटही. उच्चार गडासारखा वाटतो, पण भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘गृह’शी जोडतात. त्सारिचिन ग्राद म्हणजे सम्राज्ञीचं नगर. लेखात मूळ नाव ठेवून हा अर्थ एकदा द्या, ‘राणीचा गड’ करू नका.