कोल्ट्रेनची ओलातुंजी मैफल: माझी फाइल खराब आहे का?

मिरजकर
दोन महिने झाले, अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकतोय. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ची १९६० ची स्टुडिओतली आवृत्ती आता पाठ झालीय. पावणेचौदा मिनिटांत चाल इतक्यांदा येते की आपणही गुणगुणायला लागतो. काल तेच गाणं ‘द ओलातुंजी कॉन्सर्ट’मधलं लावलं, १९६७ चं. ३४ मिनिटं! आधी बराच वेळ नुसता बास, मग सोप्रानो सॅक्सोफोन, आणि पुढे सगळा आवाज फुटलेला. ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा. हेडफोन बदलले, केबल नवी आणली, तरी तेच. फाइल खराब आहे की मूळच असं आहे? शेवटच्या कार्यक्रमाचं असं रेकॉर्डिंग लोकांनी बाहेर काढलंच कशाला?

बँडमधला क्लॅरिनेट
फाइल ठणठणीत आहे. केबलचे पैसे गेले समजा.

२३ एप्रिल १९६७. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर बाबातुंडे ओलातुंजी या नायजेरियन तालवादकाचं संस्कृती केंद्र होतं, तिथली ही मैफल. बर्नार्ड ड्रेटनने टेप केली, विक्रीला आली थेट २००१ मध्ये. कोल्ट्रेन १७ जुलैला गेला, यकृताच्या कॅन्सरने. वय ४०. म्हणजे ही फुंक त्याच्या अगदी शेवटच्या तीन महिन्यांतली.

मी वीस वर्षं वरातीत वाजवलं. एकदा जत्रेत कुणीतरी आमची कॅसेट भरली, माइक ठेवला नेमका ताशाशेजारी. घरी लावली तर ताशाच ताशा, मी विहिरीतून वाजवल्यासारखा. पण मी कुठे दम घेतला ते त्या कॅसेटवर आजही बोट ठेवून सांगतो. ओलातुंजी मी तशीच ऐकतो. चाल शोधत बसू नका, दम ऐका.

आणि सुरुवात याच मैफलीतल्या दुसऱ्या तुकड्यापासून, ‘ओगुंडे’पासून करा. ‘एक्सप्रेशन’ या अल्बमवर तेच साडेतीन मिनिटांत आहे, दीडच महिना आधी स्टुडिओत वाजवलेलं. ते दोनदा ऐका, मग इथलं २८ मिनिटांचं. सुरुवातीची धून संथ आहे, प्रार्थनेसारखी. पुढे जोडीच्या फारो सँडर्सचा टेनर सॅक्सोफोन किंचाळतो, तिथे तुम्हाला पुन्हा फाइलवर संशय येईल. आमच्यात सूर चिरकला की मास्तर डोक्यात टपली मारायचे. हा गडी मुद्दाम चिरकवतो. ओठांची पकड आणि फुंक अशी बदलतो की एकाच बोटाला दोन-तीन सूर एकदम सुटतात, आणि मग तो ते धरून ठेवतो, वळवतो. मी घरी करून पाहिलंय. एक सेकंद जमलं, मग फक्त थुंकी.

पुणे_सदाशिव
दोन दुरुस्त्या. हा शेवटचा कार्यक्रम नव्हे, हाती असलेलं शेवटचं लाइव्ह रेकॉर्डिंग. ७ मे १९६७ ला तो बाल्टिमोरमध्ये वाजवून आला होता.

दुसरी, क्लॅरिनेटसाहेब, फुटक्या आवाजाचं एवढं कौतुक नको. त्याच्या बायकोचा, ॲलिस कोल्ट्रेनचा पियानो या टेपने जवळजवळ गिळलाय, आणि नुकसान तिचंच जास्त. मिरजकर, आधी ‘लाइव्ह ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड अगेन’ हा अल्बम घ्या, मे १९६६. सँडर्स, ॲलिस, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर रशीद अली, हीच मंडळी. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ही आहे, आवाज स्वच्छ. रशीद अली ठेका धरत का नाही ते तिथे कळेल. त्याला सम दाखवायचीच नसते, तो सगळ्यांच्या खालून पाणी वाहतं ठेवतो.

बँडमधला क्लॅरिनेट
पियानोचं मान्य. व्हॅनगार्ड आधी, हेही मान्य. कौतुक मात्र मागे घेत नाही.

मिरजकर
रविवारी दुपारी व्हॅनगार्ड ऐकलं, रात्री ‘ओगुंडे’. सँडर्स थांबल्यावर काहीतरी झिरमिरत होतं, मला वाटलं टेपचीच खरखर. पंखा बंद केला. पियानो होता. आई येऊन विचारून गेली, लाइट गेली का. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ अजून लावलेलं नाही.

बँडमधला क्लॅरिनेट
लावाल तेव्हाही पंखा बंदच ठेवा. सुरुवातीचा गॅरिसनचा बास फॉरवर्ड करून टाळू नका.