केनियाचं रग्बी खरंच वाढलं का? सेव्हन्स की पंधराचा खेळ?

सह्याद्रीवारा

जुलै २०२५ मध्ये कंपालाला झिम्बाब्वेने नामिबियाला ३०-२८ असं हरवलं आणि १९९१ नंतर पहिल्यांदा रग्बी वर्ल्डकपचं तिकीट काढलं. मॅच मोबाईलवर बघत होतो, शेवटी शेवटी तर उभं राहूनच बघितली. आणि सारखं एकच वाटत होतं, की इथे केनिया का नाही?

केनिया पंधराच्या, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बी वर्ल्डकपला आजपर्यंत एकदाही गेलेला नाही. २०१८ ला मार्सेयमध्ये २०१९ च्या वर्ल्डकपसाठी शेवटची संधी होती, तिथे कॅनडा, जर्मनी, हाँगकाँग तिघांकडून हरले. २०२२ च्या आफ्रिका कप फायनलला, जिंकला तो वर्ल्डकपला जाणार होता, नामिबियाने ३६-० ने धुतलं. शून्य! तरी कुठेही वाचा, "केनियात रग्बी झपाट्याने वाढतंय" हेच असतं, आणि पुरावा काय तर सिंगापूरची २०१६ ची स्पर्धा. तो विजय मोठाच आहे, फायनलला फिजीला ३०-७ ने हरवणं म्हणजे चेष्टा नाही. पण ते सेव्हन्स, सात-सात खेळाडूंचं रग्बी. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मैदान तेवढंच मोठं आणि माणसं निम्म्याहून कमी, त्यामुळे पळणाऱ्याचं राज्य.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सेव्हन्सने केनियाचा पंधराचा खेळ खाल्ला. पोरगं जरा वेगवान दिसलं की त्याला सेव्हन्सला उचलतात, मग ऐंशी मिनिटांचा खेळ, स्क्रम (दोन्हीकडचे गडी खांदे भिडवून ढकलतात ते), लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल परत आत टाकताना रांगेत उभं राहून झेलणं) हे शिकायचं वय तसंच निघून जातं. पटत नसेल तर सांगा, पण आकड्यांनी सांगा.

नैरोबीकर

नाही पटलं. अकरा वर्षं इथे राहतोय म्हणून सांगतो.

आधी हा खेळ कुणाचा होता ते बघा. इंग्रज वसाहतवाल्यांनी आणला, त्यांचेच क्लब, त्यांच्याच मुलांच्या शाळा. १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं तरी क्लबांचा तोंडवळा लगेच बदलला नाही, आफ्रिकन खेळाडूंनी स्वतःचा म्हणून काढलेला म्वाम्बा क्लब १९७७ चा आहे. म्हणजे सर्वसामान्य केनियन माणसाच्या हातात हा बॉल येऊन फार काळ झालेला नाही. १९९६ ला सफारी सेव्हन्स ही इथली स्पर्धा सुरू झाली आणि मग गर्दी यायला लागली. आता सेव्हन्सचे सामने नाकुरू, किसुमू, मोम्बासा असे गावोगाव फिरतात. पंधराच्या टीमला राखीव धरून वीस-बावीस पोरं, त्यात स्क्रमसाठी जाडजूड आणि शिकलेली, हे लहान गावाला जमत नाही. सेव्हन्सला दहा-बारा पोरं आणि एक मैदान असलं की झालं.

आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, क्लबकडून खेळतो. सोमवारी येतो तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेली, टाइप करताना ती दोन बोटं हवेत. एक कान पार फुलकोबीसारखा झालाय. संध्याकाळी पाच वाजले की बॅग उचलून मटाटूने (इथली शेअर मिनीबस) ग्राउंडवर. पैसे? प्रवासखर्च मिळाला तरी तो खूश असतो. याला कुणी सेव्हन्सला उचललेलं नाही, हा पंधराचाच खेळतो, हूकर आहे, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतला मधला. पण हा रग्बीकडे आला कशामुळे विचारा! शाळेत असताना टीव्हीवर केनियाचा सेव्हन्सपटू कॉलिन्स इंजेरा बघितला म्हणून. २०१६ मध्ये सेव्हन्सच्या वर्ल्ड सिरीजच्या (देशादेशांत फिरणारी जागतिक मालिका) इतिहासात सगळ्यात जास्त ट्राय (बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं) इंजेराच्या नावावर होते, पुढे इंग्लंडच्या डॅन नॉर्टनने मागे टाकलं तो भाग वेगळा.

सह्याद्रीवारा

@नैरोबीकर तुमच्या सहकाऱ्याबद्दल आदर आहे, मनापासून. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. एवढी आवड, एवढी पोरं, आणि तरी वर्ल्डकपच्या दाराशी ३६-०? मग आवड कुठे जिरते? आणि सेव्हन्समध्ये तरी पाय घट्ट आहेत का, २०२३ ला शुजा वर्ल्ड सिरीजमधून बाहेर फेकले गेलेच ना. (शुजा म्हणजे स्वाहिलीत वीर, ते सेव्हन्स टीमचं नाव आहे, नवीन लोकांसाठी.)

पाटीलबाई_सांगली

वर्ल्डकपला जाणं म्हणजेच वाढ असेल तर नामिबियाचं काय कराल? १९९९ ते २०२३ सलग सात वर्ल्डकप खेळले आणि एकही मॅच जिंकलेली नाही. तीसेक लाख लोकांचा देश, त्यांनी जे केलं ते कौतुकाचं आहेच, पण सात वेळा जाऊन आले म्हणून तिथे खेळ गल्लीबोळात पोचला असं होत नाही.

आणि तुम्ही दोघंही फक्त पुरुषांचं बोलताय. केनियाच्या मुली, लायनेसेस, रिओ आणि टोकियो दोन्ही ऑलिंपिकला खेळल्या, त्या सेव्हन्समुळेच. सेव्हन्स नसतं तर त्या मुलींना ऑलिंपिकचं मैदान दिसलं असतं का? पंधरा-पंधरा करताना हे विसरू नका प्लीज.

ऊसपट्टा

मी सेव्हन्स-पंधरा या भांडणात पडत नाही, माझा मुद्दा पैशाचा. जून २०१८ ला पॅरिसच्या सेव्हन्स स्पर्धेत केनियाचे खेळाडू जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव झाकून मैदानात उतरले होते, मानधनाच्या वादावरून. त्याच सीझनला व्हँकूव्हर आणि हाँगकाँग दोन्ही ठिकाणी हीच टीम फायनलला गेली होती, दोन्ही वेळा फिजीकडून हरली, पण फायनलला गेली! जगातल्या पहिल्या दोनात येणाऱ्या पोरांना पैशासाठी जर्सी झाकायला लागते, मग वर्षभरात टीम विस्कटली तर दोष सेव्हन्सचा कसा?

उलट चांगलं उदाहरण पण तिथलंच आहे. कबरास शुगर, काकामेगाकडचा क्लब, नावातच कळतं की साखर कारखान्याचा. पंधराचा केनिया कप, म्हणजे तिथल्या क्लबांची मुख्य स्पर्धा, त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा नेलाय, पार पश्चिमेकडे, नैरोबीच्या जुन्या क्लबांच्या नाकावर टिच्चून. आपल्याकडे कारखाने पैलवानांना मानधन देत आलेत, खुराक सुटू नये म्हणून, ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. महिन्याच्या महिन्याला काहीतरी हातात पडलं की पोरगं टिकतं. सह्याद्रीवारा, पंधराचा खेळ वाढवायचा तर असे आणखी चार कारखाने लागतील, सेव्हन्स बंद करून काही होणार नाही.

सह्याद्रीवारा

@ऊसपट्टा बंद करा असं मी कुठेच म्हटलं नाही. पण कबरासचं उदाहरण भारी दिलंत, ते मान्य.

पीटीमास्तर

मुंबईत शाळेत पीटी शिकवतो, मुलामुलींना रग्बी शिकवतो, म्हणून एक व्यवहारातलं सांगतो. स्क्रममध्ये पहिल्या फळीतल्या तिघांच्या मानेवर मागच्या सगळ्यांचा जोर येतो. खांदे कंबरेच्या खाली गेले की मान गेली. कबड्डीत पकड चुकली तर गुण जातो, इथे चुकलं तर पोरगं आयुष्यभरासाठी अंथरुणात. तो पोश्चर मी महिनोन्महिने नुसता भिंतीला खांदा लावून करून घेतो, पाठ सपाट, हनुवटी वर, आणि तरी खरं स्क्रम लावायला मन धजत नाही. असा प्रशिक्षक शाळाशाळांत असेल तर पंधराचं बोला. नसेल तर पोरांना सेव्हन्सच खेळू द्या. त्यामुळे सह्याद्रीवारा यांचा प्रश्न बरोबर, पण कारण चुकलं. सेव्हन्स पोरं पळवतं म्हणून पंधराचा खेळ अडलेला नाही, पुढच्या फळीला शिकवणारी माणसं कमी आहेत म्हणून अडलाय.

जून २०२५ ला अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सेव्हन्सचीच, त्यात केनियाचे खेळाडू होते. माझी पोरं घेऊन गेलो होतो. मुलं बॉल कुठे जातोय ते बघत होती, मी त्यांना म्हटलं बॉल सोडा, बॉल नसलेल्या सहा जणांचे पाय बघा. परत येताना ट्रेनमध्ये सातवीतली एक मुलगी डब्यात पाय टाकून दाखवत होती, सर, ते असं अर्धं पाऊल मागे घेतात ना.

नैरोबीकर

@पीटीमास्तर हे वाचून आमच्या हूकरला विचारलं. म्हणाला शाळेत स्क्रम शिकवणारं कुणी नव्हतं, क्लबात आल्यावर एका म्हाताऱ्या खेळाडूने शिकवलं, तोवर तो एकवीस वर्षांचा. झिम्बाब्वेत बऱ्याच शाळांत तेरा-चौदाव्या वर्षापासून पंधराचाच खेळ चालतो असं त्याचं म्हणणं, तिथेच आपण सात-आठ वर्षं मागे पडतो म्हणाला. म्हणजे सह्याद्रीवारा, तुमचा निम्मा मुद्दा खुद्द खेळणाऱ्याने मान्य केलाय. पण शुजा बाहेर गेले एवढंच लिहून सोडू नका, २०२४ ला माद्रिदमध्ये जर्मनीला हरवून परत वर आले तेही लिहा.

सह्याद्रीवारा

लिहिलं. आणि सेव्हन्सने "खाल्ला" हा शब्द मागे घेतो. पण तो एकवीस वर्षांचा आकडा मला झोपू देणार नाही. त्याला विचारा ना, आता तो स्वतः कुणाला शिकवतो का?

नैरोबीकर

शनिवारी सकाळी, मॅचच्या आधी, जवळच्या शाळेतली नऊ पोरं येतात त्याच्याकडे. भिंत नाही, एका जुन्या पिकअपला खांदा लावतात.