मदत हवी आहे : दोन टॅब उघडे असले की रिफ्रेश टोकन बाद होऊन लॉगिन तुटते

आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये अ‍ॅक्सेस टोकन (प्रत्येक विनंतीसोबत जाणारा ओळखीचा पुरावा) १५ मिनिटांचे असून ते केवळ मेमरीत राहते, तर ते संपल्यावर नवे मिळवून देणारे रिफ्रेश टोकन एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता न येणाऱ्या) कुकीत असते आणि प्रत्येक वापरानंतर बदलले जाते. जुने टोकन पुन्हा आल्यास ते चोरीला गेले असे समजून सर्व्हर त्या लॉगिनची सर्व टोकने रद्द करतो, आणि नेमके हेच अंगाशी येत आहे. लॅपटॉप स्लीपमधून जागा झाला की दोन्ही टॅब एकाच क्षणी रिफ्रेशची विनंती पाठवतात. पहिलीला नवे टोकन मिळते, दुसरी जुनेच घेऊन पोहोचते आणि वापरकर्ता थेट लॉगिनच्या पानावर फेकला जातो.

एका टॅबमधील विनंत्या एकाच प्रॉमिसवर (जावास्क्रिप्टमध्ये पुढे येणाऱ्या निकालाची वाट पाहण्याची सोय) थांबवून पाहिल्या, पण त्याचा परिणाम अर्थातच त्या टॅबपुरताच राहतो. टॅबना एकमेकांना संदेश पाठवू देणाऱ्या ब्रॉडकास्ट चॅनेलचा संदेश बहुतेक वेळा उशिरा पोहोचतो. टोकन लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधील, जावास्क्रिप्टला वाचता येणाऱ्या साठ्यात) ठेवण्याची परवानगी नाही. सर्व्हरच्या दोन प्रती चालतात, मात्र रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस) सामाईक आहे.

अशा वेळी वेब लॉक्स (एका वेळी एकाच टॅबला काम करू देणारी ब्राउझरची सोय) वापरून सर्व टॅबच्या विनंत्यांची ब्राउझरमध्येच रांग लावणे पुरेसे ठरेल, की जुने टोकन सर्व्हरवर आणखी १० सेकंद ग्राह्य धरावे, आणि तसे केल्यास चोरी ओळखण्याची क्षमता कितपत कमी होईल?