स्पॅनिश घेऊन डिग्री करावी का? (पुणे, बजेट वर्षाला ३० हजार)

पेठेतली_सई: नमस्कार मंडळी. बारावी आर्ट्स झाली, आता स्पॅनिश शिकायचंय. नुसतं बोलण्यापुरतं नाही, साहित्य, संस्कृती सगळं. वर्षाला तीस हजारांच्या वर जमणार नाही असं बाबांनी स्पष्ट सांगितलंय. शक्यतो पुण्यातच हवं, आजीजवळ रात्री मीच असते. कोणी केलंय का? आणि प्लीज, जर्मन सुचवू नका.

पौडरोडकर: जर्मन कर. मी बी१ (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांतली तिसरी) केलं आणि हिंजवडीत पहिल्याच इंटरव्ह्यूत लागलो. स्पॅनिशला पुण्यात कोण विचारतंय?

मावशी_फ्रॉम_बाणेर: माझी भाची स्पेनमध्ये सलामांकाला गेली मास्टर्सला. १२१८ सालचं विद्यापीठ आहे, चेष्टा नाही! भाषा शिकायची तर तिथे जाऊनच, इथे राहून उच्चार येत नाहीत. पैशाचं काय गं, लोन मिळतं.

पेठेतली_सई: मावशी, तीस हजारात फार तर जायचं तिकीट येईल, परत कशी येऊ 😅

दिल्लीरिटर्न: डिग्रीच हवी तर दिल्लीला जेएनयू, नाहीतर हैदराबादला इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ). जेएनयूला बीए ऑनर्सला सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून जातात, फी म्हणशील तर नाममात्र, खर्च तो राहण्याजेवणाचा, आणि वर्षाच्या सुरुवातीला हॉस्टेल मिळेपर्यंत कोणाच्या तरी गादीवर पडायची तयारी ठेव. भाषा शून्यापासून शिकवतात, पण पुढे साहित्य मुळातून येतं तेव्हा घाम फुटतो. डॉन किहोते कादंबरीचा पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा, मी पहिल्यातच गळपटलो. पण मजा होती. ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते ६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता आणि तिकडे सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या म्हणून त्याने पद सोडलं, हे कळल्यावर त्याच्या कविता वेगळ्याच वाटायला लागल्या.

स्पष्टवक्ता_सदाशिव: पाझ नव्हे, पास. मेक्सिकन माणूस आहे.

मावशी_फ्रॉम_बाणेर: माझी भाची पाथ म्हणते.

स्पष्टवक्ता_सदाशिव: ती स्पेनमध्ये आहे म्हणून. तिथे जीभ दातांत धरतात, लॅटिन अमेरिकेत नाही. भाची चूक नाही, पण पासही चूक नाही.

पौडरोडकर: म्हणूनच म्हणतो जर्मन कर, लिहिलं तसं वाचायचं.

हात_पोळलेला: सई, 'सहा महिन्यांत बी२' वाल्या क्लासला जाऊ नकोस. नाव घेत नाही. मी ४२ हजार एकदम भरले, तीन शिक्षक बदलले, प्रत्येकाने पुन्हा होला, म्हणजे नमस्कारापासून सुरू केलं आणि शेवटी कसाबसा ए२. बी२ला शेकड्यांनी तास लागतात, हे पैसे भरायच्या आधी कोणी सांगत नाही. एकरकमी फी भरू नकोस. आणि क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा स्पॅनिशची परीक्षा दे, डेले किंवा सिएले. डेलेचं सर्टिफिकेट कायमचं, सिएलेचं पाच वर्षं.

रानडेची_जुनी: एफसी रोडच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे सर्टिफिकेटपासून सुरू करता येतं. फी आणि बॅचच्या वेळा स्वतः जाऊन विचार, ऑनलाइन जुनं काहीतरी दिसतं. मी नोकरी सांभाळून केलं. डिग्री नाही ती, पण पाया पक्का होतो.

आणि मराठी असल्याचा फायदा आहे हं. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो, 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यामागे जातं, आपल्यासारखंच, इंग्रजीतून शिकणारे तिथे आठवडाभर अडकले होते. तसंच 'बेओ ला कासा', मी घर बघते, पण 'बेओ आ मि आबुएला', मी आजीला बघते. माणूस आला की मध्ये 'आ', आपला 'ला' येतो तसा. फसलो ते आहे-आहे मध्ये. त्यांच्याकडे 'आहे'ला दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. तोंडी परीक्षेत 'एस्तोय आबुर्रिदा', मी कंटाळलेय, म्हणायच्या ऐवजी सेर वापरून 'सोय आबुर्रिदा' म्हटलं, म्हणजे मी माणूसच कंटाळवाणी आहे. बाई म्हणाल्या, बरं, पुढे?

हात_पोळलेला: परत सांगतो, एकरकमी फी भरू नकोस.

दिल्लीरिटर्न: रानडे ठीक आहे, पण साहित्य करायचं तर पूर्णवेळ डिग्रीला पर्याय नाही. सीयूईटीच्या तारखा बघ आधी.

पेठेतली_सई: सगळ्यांचे आभार. काल आजीला 'बेओ आ मि आबुएला' म्हणून दाखवलं, ती म्हणाली मग नीट बघ की, औषध कुठंय माझं. तर ठरलं. बीए मराठी घेतेय, इथल्याच कॉलेजात, आणि सोबत रानडेला स्पॅनिश. मला शेवटी अनुवाद करायचाय, आणि तो उतरणार मराठीतच. एमएला दिल्लीचं बघू, आजीचं कसं असेल त्यावर.

दिल्लीरिटर्न: मराठी?? कोणी सुचवलं?

पेठेतली_सई: कोणीच नाही 🙂

मावशी_फ्रॉम_बाणेर: भाचीचा नंबर हवा असेल तर मेसेज कर हं.

पौडरोडकर: बीए मराठीसोबत जर्मनही जमतं, सकाळची बॅच असते.