एकटीनं आई व्हायचंय, डोनरबद्दल आणि दाखल्याबद्दल विचारायचं होतं

मी ३८, नाशिकला बँकेत नोकरी. लग्न नाही झालं, आता करायचंही नाही, पण मूल हवंय हे तीन वर्षं डोक्यातून जात नाहीये. एएमएच (अंडाशयात किती बीजं उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केली, कमी आली, डॉक्टर म्हणाल्या आता थांबू नका. ओळखीतला एकजण डोनर व्हायला, म्हणजे शुक्राणू द्यायला, तयार आहे, चालतं का? आणि जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचं काय करतात? आईला सांगितलं तर दोन दिवस धड जेवली नाही.

पारिजात_पुणे: अगं कायद्यानं करता येतं, आधी ती भीती काढ. २०२१ चा एआरटी कायदा (आययूआय, आयव्हीएफ असल्या उपचारांचा) आहे त्यात बाईचं वय २१ च्या वर ५० च्या आत एवढंच बघतात, लग्नाची अट नाही (सरोगसीचं वेगळं, तिथे एकटीला फक्त विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच, ते यात मिसळू नकोस). ओळखीतला नाही चालत, रजिस्टर्ड स्पर्म बँकेतूनच घ्यावं लागतं. मला रक्तगट, उंची, शिक्षण एवढंच कळलं, नाव नाही. डोनरचा बाळावर काहीही हक्क राहत नाही आणि एका डोनरचं सॅम्पल दुसऱ्या कुणाला देत नाहीत. माझे दोन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते) फेल गेले, दुसऱ्या वेळी पाळी आली ती ऑफिसात, दुपारभर कॉम्प्युटरसमोर नुसती बसून होते. मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी. लेक आता पावणेदोन वर्षांची आहे. तुझी एएमएच कमी आहे तर आययूआयवर किती महिने घालवायचे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार.

वकील_मावशी: दाखल्याचं सांगते. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अविवाहित आईनं अर्ज केला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि दाखला द्यायचा. तरी काउंटरवर "मॅडम, रकाना रिकामा सोडता येत नाही" ऐकावं लागतं, माझ्या एका अशिलाला तीन खेपा घालायला लावल्या. निकालाची प्रिंट सोबत ने, आणि कुणी कितीही सुचवलं तरी भावाचं, मामाचं असं कुणाचंही नाव त्या रकान्यात घालू नकोस, ते पुढे निस्तरणं फार अवघड जातं. पासपोर्टला एकट्या आईचं नाव चालतं.

सुमनआजी: बाळा माझ्या मुलीनं हेच केलं तेव्हा मीही चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते. लोकांची भीती नव्हती गं, रात्री बाळ तापलं तर ही एकटी काय करेल हेच डोळ्यासमोर यायचं. तिनं मला सोनोग्राफीला नेलं, ठोके ऐकवले. नातू आता सहा वर्षांचा आहे. बालवाडीत असताना बाबा कुठेत विचारलंन, तिनं सांगितलं आपल्या घरी बाबा नाहीत, एका भल्या माणसानं बी दिलं आणि तू माझ्या पोटात वाढलास. तो ऐकून खेळायला गेला. तुझ्या आईला डॉक्टरांकडे घेऊन जा, तिला काय विचारायचंय ते तिला विचारू दे.

मूळ प्रश्न विचारणारी: आजी, तुमचं आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण मघाशी विचारत होती अपॉइंटमेंट कितीची आहे. वकील मावशी, ते प्रतिज्ञापत्र बाळ झाल्यावरच करायचं की आधी तयार ठेवता येतं?